चारचं विमान

दयानंदने करकचून ब्रेक दाबला. अमरनाथ सरांचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. चष्मा सावरून त्यांनी बाहेर पाहिलं, तर रस्त्याच्या कडेला एक बाई आडवी पडली होती आणि तिला उडवणारा मोटारसायकलवाला पुढच्या वळणाआड दिसेनासा होत होता. सर काही बोलायच्या आत शेजारचं दार उघडून सुगत धावलासुद्धा.

उदगीर मागे पडून अर्धा तास झाला होता. सकाळचे साडेआठ. हैदराबादहून दुपारी चारला सर आणि सुगत, दोघांचं बँकॉकचं विमान होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या परिषदेत लातूर जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्यावरचा निबंध वाचायचा होता. निबंधावर नावं दोघांची होती. वाचणारा म्हणून मात्र आयोजकांनी सुगतचं नाव छापलं होतं.

सर खाली उतरले. बाई साठीच्या असाव्यात. लुगडं गुडघ्याजवळ रक्तानं भिजलं होतं आणि पाय भलतीकडेच वळला होता.

"अय्यय्यो, कालु... पाय गेला रे माझा," त्या कानडी-मराठीत कण्हत होत्या.

"लई लागलंय, सर," दयानंद म्हणाला. लातूरपासून तोच गाडी चालवत होता. "मांडी मोडली वाटतं."

"अँब्युलन्सला फोन करा ना. सरकारी गाडी असते."

"केला मी," बाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला सुगत म्हणाला. "तासभर लागंल म्हणतेत."

सरांनी घड्याळ पाहिलं. सुगतने ते पाहिलं आणि मान वळवली. मग त्यानेच उठून हैदराबादकडे निघालेली एक पांढरी गाडी हात करून थांबवली. आत बिदरचं एक कुटुंब होतं. जागा एकाचीच होती.

"सर, तुम्ही निघा. मी यांना उदगीरला दवाखान्यात टाकतो, घरचं कुणी आलं की मागोमाग येतो." त्याने आपल्या पिशवीतून निबंधाचा लिफाफा काढून सरांच्या हातात दिला. "नाहीच जमलं तर तुम्ही वाचा."

"अरे, येशील तू," सर म्हणाले.

हे म्हणताना त्यांच्या मनात खोट नव्हती. त्या दिवसभरात त्यांनी स्वतःला ते बऱ्याचदा बजावलं.

सर भूगोलाचे विभागप्रमुख होते, निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. उभ्या नोकरीत दोनदा परदेशी परिषदेची पत्रं आली. एकदा पासपोर्ट मुदत उलटल्यावर हातात पडला, आणि दुसऱ्या वेळी निघायच्या आदल्या दिवशी वडील गेले. सुगत त्यांचाच विद्यार्थी. निलंगा आणि औसा तालुक्यांतल्या चारशे विहिरींत सात वर्षं दोर सोडून त्याने पाणी मोजलं होतं. सरांनी मार्गदर्शक म्हणून सह्या केल्या होत्या. कॉलेजात सत्कार झाला तेव्हा दोघांना शाली दिल्या. सरांच्या पत्नी गोदावरीबाई शेजारणींना सांगत होत्या, आमचे हे भाषणाला चाललेत. सरांनी ते ऐकलं होतं आणि दुरुस्त केलं नव्हतं.

विमानतळावर ते एक वाजता पोचले. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतला, तिकीट पाहिलं आणि हसून दिलगिरी व्यक्त केली. येणारं विमानच उशिरा पोचणार होतं, ते आता रात्री साडेआठला सुटेल. काउंटर साडेसातपर्यंत उघडं राहील.

"बरं झालं," सर पटकन म्हणाले. मुलीला आश्चर्य वाटलं. "माझा एक विद्यार्थी मागं राहिलाय."

आत जाऊन ते खुर्चीवर टेकले आणि त्यांनी मोबाईल काढला. सुगतचं नाव समोर आणलं. तेवढ्यात शेजारच्या जाड्या गृहस्थांनी विचारलं, "बँकॉकलाच? फिरायला का?"

"नाही. परिषद आहे. निबंध वाचायचाय."

"तुम्ही वाचणार?"

"हो," सर म्हणाले. "मीच."

गृहस्थ जरा सरळ होऊन बसले. "प्रोफेसर का आपण! वा." सर विहिरींविषयी सांगू लागले. मघाचा मोबाईल केव्हा खिशात गेला ते त्यांनाही कळलं नाही. गृहस्थ चहाला उठून गेले तरी सरांनी तो पुन्हा बाहेर काढला नाही.

पावणेतीनला तोच वाजला.

"सर, पोचलात ना?"

"हो हो. बाईंचं काय?"

"हाड मोडलंय मांडीचं. शरणम्मा नाव त्यांचं. लेक आला बाराला, मग निघालो. आता जहीराबाद मागं टाकलंय. पाचला येतो बघा. विमान लेट-बिट हाय का काही? इथं नेट लागंना, म्हणून तुम्हाला विचारून राहिलो."

समोरच्या फलकावर साडेआठची वेळ ठळक अक्षरांत होती. सर तिच्याकडे बघत राहिले.

"सर? ऐकू येतंय का?"

"नाही रे," सर म्हणाले. "वेळेवर आहे. आत सोडून राहिलेत आम्हाला."

मग सुगतने फोन तोंडापासून दूर धरला असावा. तरी त्याचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"दयानंदभाऊ, घ्या कडेला. गाडी फिरवा. नाही, गेलं विमान."

सरांनी डोळे मिटले. आताही सांगता आलं असतं. ऐकण्यात चूक झाली म्हणता आलं असतं.

"सर, दोन मिनिटं आहेत का?" सुगतने घाईने विचारलं.

"लवकर सांग."

"तिसऱ्या तक्त्यात औशाचा आकडा चुकलाय. बासष्ट छापलंय, सव्वीस वाचा. आणि शेवटी कुणीतरी विचारणारच, एवढ्या विहिरी मोजल्या कुणी म्हणून. मी म्हणणार होतो..." तो थांबला. "तुम्ही म्हणा, आम्ही मोजल्या."

"बरं."

"आता मोबाईल बंद करा, सर. विमानात चालू ठेवला तर बोलतेत. सावकाश जा."

सरांनी मोबाईल खरंच बंद केला. शेजारचे गृहस्थ दोन कप चहा घेऊन परतले होते. एक त्यांनी सरांपुढे धरला. सरांनी तो घेतला आणि त्यांच्याकडूनच पेन मागून लिफाफा फोडला. तिसरा तक्ता शोधायला त्यांना बरीच पानं उलटावी लागली. बासष्टवर काट मारून त्यांनी सव्वीस लिहिलं.

विमानाला अजून साडेपाच तास होते. त्यांनी पहिलं पान वर घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. पुरा निबंध ते पहिल्यांदाच वाचत होते.