पाठीवरचे वीस चौकोन

बावीस वर्षं मी लोकांचे केस रंगवत आले, आणि गेली दोन वर्षं माझ्याच हातांची सालं निघत होती. गिऱ्हाइकं तोंडाने काही बोलत नसत, आरशातून बघत. शेवटी डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर वीस चौकोनी पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीखाली एकेक संशयित. दोन दिवस पाठीला पाणी नाही. चौदा नंबरला केसांचा रंग होता. तिथे लाल चट्टा उमटला तर दुकानाला कुलूप.

बाईंनी समजावलं ते असं. कातडीत पहारेकरी पेशी असतात. बाहेरचं काही आत शिरलं की त्याचा नमुना घेऊन त्या काखेतल्या गाठीपर्यंत जातात आणि तिथल्या पेशींना दाखवतात. पहिल्या वेळी काहीच होत नाही, नुसती ओळख पटवून ठेवतात. पुढे तीच वस्तू दिसली की दोन दिवसांत सगळी फौज हजर. डूख जन्मभराचा. मला आमच्या थोरल्या नणंदबाई आठवल्या.

पट्ट्या निघाल्या. बाईंनी शाईने नंबर घातले आणि पक्का निकाल परवा सांगते म्हणाल्या. तेवढा धीर कुणाला? आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. घरी आल्यावर त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, यादी हातात घेतली आणि बराच वेळ माझी पाठ वाचत राहिले.

"चौदा साफ आहे."

"आणि बाकीचे?"

"ते बाईच सांगतील."

त्या संध्याकाळी त्यांनी क्रीमची डबी काढली नाही. दोन वर्षांपूर्वी सतत पाण्यात राहून माझे हात भेगाळले, तेव्हा गुलाबाच्या वासाची ती डबी त्यांनीच आणली होती. रोज चहानंतर स्वतः चोळून देत.

दोन दिवसांनी बाईंनी सात नंबरवर बोट ठेवलं. सुगंधी द्रव्य. भेगांतून आत गेलं असणार. वासाचं काय लावता, बाईंनी मला विचारलं.

"मी लावतो," शेजारच्या खुर्चीतून हे म्हणाले.

येताना त्यांनी बिनवासाचं मलम घेतलं. मला लावण्याआधी स्वतःच्या मनगटावर लावलं, शेजारी पेनाने एक नंबर घातला, आणि दोन दिवस घड्याळ दुसऱ्या हातात घातलं. त्यांच्या कातडीवरून माझ्या कातडीचं काही कळणार नव्हतं. मी ते सांगितलं नाही. रोज चहानंतर भिंग लावून त्यांचं मनगट मात्र तपासलं.