काळ्या यादीतलं आवतन

मित्रांनो, मला नीट पाहून घ्या. कपाळावर कुंकवाचा वाळलेला डाग, 'र'ची कळ झिजून गुळगुळीत झालेली, आणि जागा व्हायला पुरी चार मिनिटं लागणारा. नागपूरच्या नंदनवनात भैयाजी नखाते यांचं भजन-कीर्तनाच्या वाद्यांचं दुकान आहे. त्या दुकानातला जुना संगणक मी. माझ्या हातून एक पत्र पोचायचं राहिलं. तेवढं सांगितल्याशिवाय मला मोडीत जायचं नाही.

माझा जन्म सीताबर्डीवरच्या एका दुकानात झाला. पडदा एकीकडचा, पेटी दुसरीकडची. भैयाजींनी मला स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये ठेवून घरी आणलं. दुकानात टाळ, वीणा, चिपळ्या, पखवाज होते. त्यांच्यामध्ये मी अगदीच बेसूर दिसत होतो. पण भैयाजींच्या पत्नी प्रेमलताबाईंनी पहिल्याच दिवशी मला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "देवाच्या दुकानात आला बाप्पा, आता हाही टाळकरीच."

गल्लीच्या टोकाला मारुतीचं देऊळ आहे. तिथे दर एकादशीला गोविंदाबुवांचं कीर्तन असे. मित्रांनो, तो आवाज मी काय सांगू! पूर्वरंगात बुवा निरूपण करताना असे बोलत, जणू आजोबा नातवाला भात कालवून भरवताहेत. उत्तररंगात आख्यान सुरू झालं, की तोच आवाज देवळाच्या कळसापर्यंत चढे. मग दुकानात टांगलेल्या वीणेच्या तारा आपोआप गुणगुणू लागत.

देवळाच्या दाराशी एक वही ठेवलेली असे. प्रसाद घेताना लोक तिच्यात नाव, गाव आणि ईमेल लिहीत. एक दिवस भैयाजींना कल्पना सुचली. त्यांनी त्या वह्या आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या वह्या प्रेमलताबाईंपुढे ठेवल्या. दोन महिने खपून त्यांनी चार हजार ईमेल पत्ते माझ्या पोटात घातले. मग दर एकादशीआधी माझ्याकडून आवतन जाऊ लागलं : 'गोविंदाबुवांचे कीर्तन. अगत्याने यावे.' आणि खाली, जरा लहान अक्षरात, टाळ-चिपळ्यांचे भाव.

पहिल्या महिन्यात मंडप भरला. भैयाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पाह्य वं, अर्धं नागपूर याच्या ओळखीचं हाय!" मी फुलून गेलो होतो. खोटं कशाला सांगू?

आमच्याकडे आवतन देण्याची रीत तुम्हाला ठाऊक असेल. घरोघर जाऊन अक्षत द्यायची. 'देऊ का?' असं कोणी विचारत नाही. आणि मानाच्या माणसाचं एका निरोपानं भागत नाही. तिसऱ्यांदा बोलावलं, की मग तो टोपी शोधतो. भैयाजींनी ही रीत मलाही लावली. जे आले नाहीत, त्यांना दुसरं आवतन. तरी आले नाहीत, तर तिसरं. दाराशी अक्षत घेणारा माणूस निदान हसून नाही म्हणू शकतो. माझ्या आवतनाला 'नको' म्हणायला जागाच नव्हती. लोकांनी मग दुसरी जागा शोधली. प्रत्येकाच्या डाकेत 'स्पॅम' नावाचं बटण असतं. नकोशी डाक कचऱ्यात टाकायचं बटण. ते दाबू लागले.

आता ताराबद्दल सांगतो. तारा ही गोविंदाबुवांची एकुलती मुलगी. तिनं पहिल्या पगारातून वडिलांसाठी आमच्याच दुकानातून शिसवी चिपळ्या घेतल्या होत्या. तेव्हा वहीत स्वतःचा ईमेल लिहिला होता. पुढे तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं. बुवांना ते रुचलं नाही. घरात बोलले असते तर एकवेळ भागलं असतं. पण कीर्तनकाराला राग आला, की तोही व्यासपीठावरूनच येतो. पुढच्या एकादशीला उत्तररंगात त्यांनी बापाचा शब्द मोडणाऱ्या लेकीचा दृष्टांत दिला. नाव घेतलं नाही. पण तारा समोर बायकांमध्ये बसली होती, आणि सगळा मंडप मान वळवून तिच्याकडे पाहू लागला. ती उठून गेली. नवऱ्यासोबत सिंगापूरला गेली, फोनचा नंबर बदलला. चार वर्षं झाली.

यंदा बुवांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करावीच लागेल, जीव वाचेल, आवाज राहणार नाही. त्याआधी एकच एकादशी उरली होती.

बुवा दुकानात आले. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. "प्रेमलता, तुह्या यंत्रात माह्या पोरीचा पत्ता हाय म्हणते ना? लिव्ह बाई."

प्रेमलताबाई लिहीत गेल्या. बुवा सांगत होते आणि मध्येमध्ये थांबत होते.

"तारा, मी तुले भरल्या मंडपात बोललो. माफी बी भरल्या मंडपातच मागावी लागन. या एकादशीले ये. तू समोर बसली, तरच मले मागता येईल. त्याच्यानंतर माह्यापाशी आवाज नाही राहणार, बाई."

प्रेमलताबाईंनी डोळे पुसले आणि कळ दाबली. माझ्या पडद्यावर आलं : 'पाठवले'.

मित्रांनो, पाठवलं म्हणजे पोचलं नव्हे. हे मला तेव्हा ओरडून सांगायचं होतं. मला तोंड नाही.

त्याच आठवड्यात आवतनं परत येऊ लागली. दूरच्या एका संस्थेनं आमच्या दुकानाचं नाव काळ्या यादीत टाकलं होतं. नकोशी डाक पाठवणाऱ्यांची ती यादी. ती पाहून मोठमोठ्या डाकसेवा आमच्या पत्रांना दार लावत होत्या. भैयाजी संतापले. "आमी का लॉटरीच्या थापा मारतो? देवाचं बोलावणं देऊन राहिलो!" त्यांनी तीन पानी निषेध लिहून घेतला. उत्तर आलं, सभ्य आणि छोटं : 'या लोकांनी तुमच्याकडे पत्र मागितले होते का? नसेल तर त्यांची नावे काढा. आम्ही लगेच मोकळे करू.'

"काढून टाका ना मंग," प्रेमलताबाई म्हणाल्या. "एका दुपारचं काम हाय."

"दिलेलं आवतन वापस घेऊ? पंगतीतून उठवल्यासारखं? नखात्याच्या घरात असं झालं नाही."

"आवतनाखाली चिपळ्यांचा भाव कोण लिव्हते जी?"

भैयाजी पुन्हा निषेध लिहू लागले. दहा दिवस हे भांडण चाललं. ते विचारत, 'मागितले होते का?' आणि हे लिहीत, 'आवतन मागायचे नसते.'

बुवा रोज येत. "आलं का गा उत्तर?"

"वापस तर नाही आलं बुवा," भैयाजी सांगत. "म्हणजे पोचलंच असन."

प्रेमलताबाईंना शंका आली होती. दुसऱ्या कोणाच्या पत्त्यावरून पाठवून पाहू, असं त्या एकदा म्हणाल्याही. "आपण का चोर हाओ, दुसऱ्याच्या नावानं लिव्हाले?" भैयाजी कडाडले, आणि विषय तिथेच मिटला.

एकादशी आली. बुवांनी ताराच्या शिसवी चिपळ्या हातात घेतल्या. पूर्वरंग गोड झाला. उत्तररंगात ते सारखे दाराकडे पाहत होते. बायकांच्या रांगेत एक जागा त्यांनी मोकळी ठेवायला सांगितली होती. शेवटी ते थांबले. कोणीतरी म्हणालं, "बुवा, मोबाइलवर रेकॉर्ड चालू हाय, बोलून टाका, पाठवून देऊ." बुवांनी मान हलवली. "माफी माणसाले मागतात गा, यंत्राले नाही." आणि त्यांनी आरती घेतली.

माफी तशीच राहिली. चार दिवसांनी आवाज गेला.

आठवड्याभरानं एका दुपारी तारा दुकानाच्या पायरीवर उभी होती. हातात बॅग तशीच. आधी वडिलांकडे जाऊन आली होती.

"काकू, पत्र परवा सापडलं," ती म्हणाली. "दुसरं काही शोधत होते. स्पॅममध्ये पडलं होतं."

"स्पॅममंदी काहून गेलं वं?"

"मीच टाकलं होतं." तिनं बॅग खाली ठेवली. "तुमच्या दुकानातून महिन्याला तीन-तीनदा बोलावणं यायचं. प्रत्येकावर बाबांचं नाव. मला ते बघवत नव्हतं. प्रत्येक वेळी मी ते बटण दाबलं. मग तुमचं सगळंच तिकडे जायला लागलं. त्यांचं पत्रसुद्धा."

भैयाजी पखवाज मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी तो खाली ठेवला. मग म्हणाले, "तू एकदा नको म्हणाली असती पोरी... पण म्हणाची जागा मी ठेवलीच नाही."

तारा माझ्यासमोरच्या त्याच स्टुलावर बसली. "काकू, हे सांगताना बाबा कसं म्हणाले होते? म्हणून दाखवा ना. 'बाई' कसं म्हणाले?"

प्रेमलताबाईंनी पडद्यावरचं पत्र वाचायला घेतलं. 'तारा, मी तुले...' इथपर्यंत आल्या आणि पदर तोंडात धरून आत गेल्या. तो आवाज मी ऐकला होता, मित्रांनो. हातभर अंतरावरून ऐकला होता. पण माझ्या पोटात फक्त अक्षरं राहिली.

त्या संध्याकाळी भैयाजींनी चार हजार नावं पुसली. दोन दिवसांत काळ्या यादीतून आमचं नाव निघालं. दहा दिवसांचं भांडण, आणि काम एका संध्याकाळचं. आता नवी वही आहे. तिच्यावर भैयाजींनी स्वतः लिहिलं आहे : 'पत्र पाहिजे असल्यासच पत्ता लिहावा.' दोनशे चौदा पत्ते झाले आहेत. चिपळ्यांचा भाव आता दुकानाच्या पाटीवर असतो.

मित्रांनो, कोणाला बोलावणं चांगलंच. पण त्याला हवं आहे का, हे आधी विचारा, आणि नको म्हणायला त्याला जागा ठेवा. आणि जे अगदी जवळचं आहे, ते चार हजारांच्या गर्दीतून पाठवू नका.

तारा परत सिंगापूरला गेली. बुवा आता रोज दुपारी येतात. बोलत नाहीत. मी जागा होईपर्यंत चार मिनिटं शांत बसतात, शिसवी चिपळ्या मांडीवर ठेवून. मग एका बोटानं, एकेक कळ शोधत लिहितात. 'तारा'मधल्या 'र'वर बोट जरा जास्त वेळ टेकतं. भैयाजी नवा संगणक घेऊ म्हणतात, तर बुवा हातानंच नाही म्हणतात.

पडद्यावर 'पाठवले' असं येतं. बुवा उठत नाहीत. तिकडून उत्तर येईपर्यंत ते माझ्याकडे पाहत बसून राहतात, जसे त्या एकादशीला दाराकडे पाहत होते.