कॉन्टेसाला दिलेलं सोनं

एकतीस वर्षं मी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये काढली, त्यातली शेवटची नऊ फोरमन म्हणून. मुकुंदरावाला इंजिनाचं दुखणं कळत नाही असं कुणी म्हटलं, तर मी त्याला चहा न देता घराबाहेर काढीन. तरीही पंच्याण्णव सालच्या दसऱ्यानंतर जे झालं ते मला आजही धड उलगडत नाही. काय झालं ते सांगतो, का झालं ते विचारू नका.

माझा मुलगा शिवराज तेव्हा चोवीस वर्षांचा. रेल्वेची परीक्षा पास झाला, नेमणुकीचं पत्र आलं, आणि आमच्या या साहेबांनी ते पत्र टूलबॉक्समध्ये पान्यांच्या खाली ठेवून दिलं. "अप्पा, जमाना बदलायलाय," म्हणाला. "बाहेरच्या गाड्या येणार, लोकं हौसेनं गाड्या तयार करून घेणार. मला तेच काम करायचंय." जमाना बदलत होता हे मलाही दिसत होतं. हैदराबादेत, तारनाक्याच्या आमच्या गल्लीत गच्चीगच्चीवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या. पण बदललेल्या जमान्यात पेन्शन मिळते का, एवढंच मी विचारलं. त्यावर तो बोलला, मी त्याच्याहून जास्त बोललो, आणि पुढचे चार महिने आमचं बोलणं बंद. एकत्र जेवायला बसून मी बायकोला, सुशीलेला, म्हणायचो, "त्याला सांग, पाणी सांडायलंय." ती बिचारी सांगायची.

गाडी आमच्याच अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. जुनी कॉन्टेसा. आधीच्या मालकाकडे तिच्यात कोंबड्या बसायच्या. शिवराजनं तिच्या मागच्या सीटा काढल्या, ड्रायव्हरशेजारची काढली, बंपर काढले, बॉनेटला भोक पाडलं. इंजिनात सुपरचार्जर बसवला. इंजिन आपल्या दमानं ओढेल तेवढीच हवा त्याला मिळते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंप, तो जास्तीची हवा आत कोंबतो. हा पंप जपानी गाडीच्या भंगारातून आलेला, त्याची पुली अफझलगंजच्या लेथवर कातलेली, आणि पट्टा, मी स्वतः बघितला, पिठाच्या गिरणीचा. गाडीच्या नाकापासून एक जाड रबरी पाइप वाकत वाकत मागं जायचा, कार्ब्युरेटरला हवा पाजायला. जेट, टायमिंग, सगळं लावायचं काम वहीद उस्तादांचं. हा अफझलगंजचा माणूस कार्ब्युरेटर असा खोलायचा, जसं कुणी सीताफळ खातं.

मी खिडकीतून बघायचो. चुका दिसायच्या, बोलायचो नाही. बरोबर केलेलं दिसायचं, तेव्हा जास्त राग यायचा.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस सुशीलेनं निरोप आणला. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर गाड्या पळणार होत्या, चारशे मीटर, घड्याळ लावून. "तो म्हणतोय, सतरा सेकंदांच्या आत गेली तर दोघं माणसं आपल्या गाड्या कामाला द्यायला तयार आहेत. नाही गेली तर सोमवारी रेल्वेत हजर होतो म्हणतोय. तुमच्या गळ्याची शपथ घेतलीय."

"माझ्या गळ्याची कशाला? स्वतःच्या घ्यायची," मी म्हणालो. पण आतून मला इतका आनंद झाला की लाज वाटली. भंगारातला पंप आणि गिरणीचा पट्टा, जातेय कशाची सतरा सेकंदांत!

आणि मग खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती गाडी त्यांनी हबशीगुड्याच्या रस्त्यावर काढली. मी गेटपाशी उभा होतो, भाजीवाल्याशी भांडत. गाडी समोरून गेली. म्हणजे गेली असं मला भाजीवाल्यानं सांगितलं. मी वळेपर्यंत ती नव्हतीच. नुसती त्या पंपाची शिट्टी कानात राहिली. माझे डोळे भरून आले. का, ते मला विचारू नका असं आधीच सांगितलंय.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं पुजतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. माझ्या आज्याचे विळे-कोयते होते, माझे पाने होते, आता शिवराजचे. त्यानं सगळे पाने धुवून पांढऱ्या कापडावर मांडले. त्या पाइपच्या तोंडावरचा हवेचा फिल्टरही धुवून दोरीवर वाळत घातला. वहीदभाई हसत हात जोडून म्हणाले, "दो दिन की छुट्टी दे दिये मशीन को, अच्छा किये."

दसऱ्याच्या सकाळी उदगीरहून भाच्यानं आपट्याची पानं पाठवली. इथं हैदराबादेत सगळे जम्मीची, म्हणजे शमीची पानं देतात, बारीक, चिमूटभर. आमच्याकडे मात्र आपटाच. रेल्वेच्या शेडमध्ये असताना मी दर दसऱ्याला माझ्या पाळीतल्या प्रत्येक इंजिनावर आपट्याचं एक पान ठेवायचो. रिटायर झाल्यापासून ठेवायला इंजिन नव्हतं. घरात कुणी नाही असं बघून मी पत्र्याच्या शेडमध्ये गेलो, एक चांगलं मोठं पान घेतलं, आणि गाडीला सोनं दिलं.

बॉनेटवर ठेवलं असतं तर शिवराजला दिसलं असतं. अप्पा नमले, असं त्याला वाटलं असतं. म्हणून मी ते दिसणार नाही असं, नाकातल्या त्या पाइपच्या उघड्या तोंडात सारून ठेवलं. संध्याकाळी त्यानं वाळलेला फिल्टर त्यावर बसवून टाकला.

दुसऱ्या दिवसापासून गाडी बिघडली.

बिघडली तीही कशी! जागेवर चालू करावी तर ठणठणीत. रस्त्यावर काढून पूर्ण पाय दाबला की गुदमरायची, ठसका लागल्यासारखी. पाय काढला की पुन्हा शहाणी. त्यांनी जेट बदलले, पेट्रोलचा पंप बदलला, टायमिंग मागं घेतलं, पुढं घेतलं, पट्टा घसरतोय म्हणून आवळला, फार आवळला म्हणून ढिला केला. वहीदभाईंनी कपाळ धरलं. "परसों तक शेर थी. हात भी नै लगाये. बिना हात लगाये कैसा बिगड गई?" प्रश्न बिनतोड होता.

मी खिडकीत बसून खूश व्हायला हवं होतं. होत नव्हतो. जेवण जाईना. सुशीला म्हणाली, "तुमच्या मनासारखंच व्हायलंय की." मी तिच्यावर उगाच ओरडलो.

शुक्रवारी दुपारी शिवराज माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, नखांत काळं. "अप्पा," म्हणाला, "एकदा ऐकता का?"

चार महिन्यांनी पहिले शब्द. मी चपला घालून निघालो.

शेजारची सीट नव्हतीच, मी पालथ्या क्रेटवर बसलो. तारनाक्याच्या पुढं मोकळा रस्ता लागल्यावर त्यानं पाय दाबला. शिट्टी वाढत गेली, पाठ मागं दाबली गेली, आणि मग पुढून कुठून तरी बारीक फडफड ऐकू आली. लगेच गाडीचा श्वास कोंडला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. निदान मी सगळ्यांना तसंच सांगतो.

"पट्टाच असंल," मी म्हणालो. ते दोघं नवा पट्टा आणायला अफझलगंजला गेले. मी एकटा शेडमध्ये राहिलो. रेल्वेच्या शेडमध्ये आम्ही नव्या पोरांना शिकवायचो, इंजिन गुदमरलं की आधी त्याचं नाक बघा. मी पाइपच्या दोन्ही टोकांचे क्लॅम्प सोडले, पाइप उभा धरला आणि झटकला.

आपट्याचं पान माझ्या पायावर पडलं. वाळलेलं, पेट्रोलचा वास लागलेलं, एका बाजूला कार्ब्युरेटरच्या तोंडाचा गोल उमटलेला. जोरात हवा ओढली की ते उडून त्या तोंडावर बसत होतं, हवा कमी झाली की परत पाइपच्या बाकात उतरून पडत होतं. जम्मीचं पान असतं तर इंजिनानं गिळूनही टाकलं असतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

पण ते पान हातात घेऊन मी फार वेळ उभा राहिलो. ते परत आत सारलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पट्टा नवा, रोग जुना, रविवारी गाडी गुदमरली असती आणि सोमवारी पोरगा रेल्वेत. मला हवं होतं ते अगदी तसंच, माझ्या तळहातावर. मी पाइपकडे बघितलं. पानाकडे बघितलं. मला काय हवंय तेच मला कळेना, आणि त्याचा मला भयंकर राग आला.

तेवढ्यात गेट वाजलं. मी पान खिशात टाकू शकलो असतो. टाकलं नाही, की हातच हलला नाही, कोण जाणे.

"हे होतं," मी म्हणालो.

वहीदभाईंनी पान उलटंपालटं केलं. "किसी ने डाला इसे. अपने आप थोडी जाता अंदर." शिवराज लाल झाला. धावपट्टीवर त्याच्याशी लागट बोलणाऱ्या कुणाचं तरी नाव घेऊन म्हणाला, "त्याचंच काम. आत्ता जाऊन बघतो."

"मी ठेवलं," मी म्हणालो. "दसऱ्याला. सोनं म्हणून."

शिवराजनं वहीदभाईंच्या हातातून पान घेतलं. मग हळूच म्हणाला, "अप्पा, तुम्ही एकतीस वर्षं इंजिनं बघितलीत. हवा कुठून आत जाते ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

"मग सोनं दिलंत, का गाडी बंद पाडलीत?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण खरं काय तेच हाताशी नव्हतं, तर खोटं कशाच्या जागी ठेवणार? "मला माहीत नाही रे," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं. पोरासमोर, वहीदभाईंसमोर. आई गेली तेव्हाही मी असा रडलो नव्हतो.

 वहीदभाई पाइप पुसत बसले. शिवराजनं पाइप बसवला, क्लॅम्प आवळले, फिल्टर लावला. मग घरात जाऊन पेटीचं छोटं कुलूप घेऊन आला, बॉनेटला साखळी बांधून तिला लावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"एकच किल्ली आहे," म्हणाला. "हरवू नका."

ती किल्ली शनिवारभर माझ्या जानव्याला बांधलेली होती. मी शेडकडे तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा कुलूप ओढून बघून परत आलो. कुणापासून राखण करत होतो, ते सांगता येत नाही.

रविवारी सकाळी धावपट्टीवर मीच कुलूप उघडलं. आत बघायची हिंमत झाली नाही, वहीदभाईंनी बघितलं. गाडी गेली तेव्हा मी डोळे मिटून फडफडीसाठी कान लावले होते. फडफड झाली नाही. नुसती शिट्टी, लांब जाणारी.

शिवराज परत आला आणि खिशातून एक घडी केलेला कागद काढून मला दिला. रेल्वेचं पत्र. त्याच्या कोऱ्या बाजूवर तेलकट बोटांनी लिहिलं होतं, १६.७. मला आनंद झाला आणि पेन्शन गेली म्हणून वाईटही वाटलं, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही खरं. मी जानव्याची किल्ली सोडून त्याच्यापुढं धरली.

"राहू द्या तुमच्याकडंच," तो म्हणाला. "पुढच्या दसऱ्याला लागंल."