कूस

आईच्या अंगाखालची आडवी चादर तिने दोन्ही मुठींत धरली, एक गुडघा पलंगाच्या कडेला टेकवला आणि आईला हळूहळू डाव्या कुशीवर घेतलं. आई कण्हली. उजव्या खुब्यावरची जखम आज कोरडी होती. तिने ती पुसून मलम लावलं, गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवली आणि मगच दाराकडे पाहिलं. दादा काखेत फाइल धरून उभा होता.

"दार उघडंच होतं," तो म्हणाला.

"मी येईपर्यंत शेजारच्या काकू असतात, त्या आत्ताच गेल्या. बस."

खुर्चीवर धुतलेल्या चादरींची चळत होती. ती कुठे ठेवावी हे त्याला कळेना, तेव्हा तिनेच ती उचलली.

पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत ती इस्पितळाच्या धुलाईघरात असे. तिथे परक्यांच्या चादरींना इस्त्री करायची आणि घरी येऊन आईच्या धुवायच्या, याला नऊ वर्षं झाली होती. दादा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला. कसं जगावं यावर रविवारच्या पुरवणीत त्याचं सदर येई. धुलाईघरातली मुकादम ते कापून ठेवायची आणि हिला म्हणायची, "तुझा भाऊ काय लिहितो गं. वाचलं की दिवसभर बरं वाटतं." तिलाही बरं वाटायचं, फक्त अर्ध्यावर येईतो डोळा लागायचा.

आता त्या सदराचं पुस्तक निघत होतं.

"शेवटचं प्रकरण आईवर आहे," दादा म्हणाला. "उद्या छापखान्यात द्यायचंय. म्हटलं, तू एकदा ऐक. तपशील चुकायला नको."

तो वाचू लागला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्याचा आवाज त्या खोलीला जरा मोठाच होत होता. आईच्या आजारपणाने आपल्याला सावकाश जगायला शिकवलं, तिच्या उशाशी बसलं की घाई गळून पडते, असं बरंच काही होतं. "'आम्ही भावंडांनी तिला एक दिवसही अंतर दिलं नाही. आजही ती उजव्या कुशीवर, खिडकीकडे तोंड करून शांत निजलेली असते.'"

"डाव्या," ती म्हणाली.

"हं?"

"उजव्या कुशीवर निजवत नाही तिला. दोन वर्षं झाली. डावी, नाहीतर पाठ. खिडकी मागे येते तिच्या."

त्याने पेन्सिलीने 'उजव्या'वर काट मारली. खिडकीचं काय करावं म्हणून थोडा थांबला.

"आणखी काही?"

ती उठली. औषधांच्या डब्याखालून घडी घातलेला फॉर्म काढून तिने त्याच्यापुढे धरला.

"यावर सही लागेल तुझी. माझी झालीय."

शुश्रूषा केंद्राचा फॉर्म होता. दादाने तो दोन्ही बाजूंनी वाचला.

"आईला तिकडे ठेवणार?"

"जागा रिकामी झाली की. दोन-तीन महिने लागतील म्हणाले."

"अगं, पण मी इथे काय लिहिलंय..."

"ऐकलं की."

"लोक विचारतील मला, बबे."

इस्त्री फिरवता फिरवता तिने या वाक्याला कितीतरी उत्तरं तयार करून ठेवली होती, एकेक झणझणीत. आता त्यातलं एकही आठवेना. तिने पदराने कपाळ पुसलं.

"दादा, मी थकले. एवढंच आहे. दुसरं काही नाही."

"आधी का नाही बोललीस?"

"तू यायचास तेव्हा आई झोपलेली असायची. आपण हळू आवाजात दुसरंच काहीतरी बोलायचो."

आईने अंथरूण ओलं केलं होतं. तिला वासावरूनच कळलं. चळतीतली चादर घेऊन ती वाकली आणि कमरेत अशी उसण भरली की तिला सरळ होता येईना. पलंगाचा कठडा धरून ती तशीच अर्धी राहिली.

"काय झालं?"

"भरते अधूनमधून." तिने श्वास सोडला. "चादर बदलायला हवी. ओली राहिली की जखम चिघळते."

दादाने दाराकडे पाहिलं. काकू येतील अशी त्याला आशा असावी. मग त्याने बाह्या दुमडल्या.

भिंतीला टेकून ती सांगत राहिली. "मुठीत धर. ओढू नकोस, वळव. दुसरा हात खांद्याखाली." गाऊनपाशी येऊन तो थांबला.

"तिला लाज वाटते," ती म्हणाली. "काय करणार ते आधी सांग तिला."

"आई," तो म्हणाला. वर्गातला आवाज कुठे गेला कोण जाणे. "कपडे बदलतोय हं तुझे."

आईने डोळे उघडून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बबे, डॉक्टरांना खुर्ची दे."

"दादा आहे तो, आई."

"असू दे. खुर्ची दे."

एरवी हे करायला तिला स्वतःला सहा मिनिटं लागत. त्याला पंचवीस लागली. शर्ट कोपरापर्यंत भिजला होता. हात धुऊन येऊन तो पलंगापाशी उभा राहिला.

"हे दिवसातून किती वेळा?"

"चादर लागेल तशी. कूस दर दोन तासांनी."

"रात्रीसुद्धा?"

"गजर लावते."

"तू पड जरा," तो म्हणाला.

"अर्ध्या तासात उठव." जमिनीवरच्या चटईवर ती भिंतीकडे तोंड करून निजली.

जाग आली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं. ती दचकून उठली आणि कमरेला हात लावून तशीच बसली. एवढं सलग ती कधी झोपली होती, तिला आठवेना. मोरीत नळ चालू होता. दादा चादर घासत होता, आणि आवाजावरून पाणी बादलीपेक्षा बाहेरच जास्त जात होतं.

स्टुलावर शेवटच्या प्रकरणाची पानं पालथी ठेवलेली होती. वरच्या कोऱ्या बाजूवर त्याचं गोल अक्षर होतं: तीन – डावी. पाच – पाठ. सात – पुढे काही लिहिलेलं नव्हतं. शेजारी फॉर्म होता. त्यावर सही झाली होती.

आई पाठीवर निजली होती. गुडघ्यांखालची उशी त्याने उभी घातली होती, आडवी घालायला हवी होती. ती उशी नीट करायला पुढे झाली, उशीला हातही लागला. मग तिने हात मागे घेतला, खुर्ची ओढली आणि बसली.

सात वाजायला अजून दहा मिनिटं होती.