हलका दाइगान

मी एक जुना अजस्र यंत्रमानव आहे, मित्रांनो. घाबरू नका. खरं तर मी नुसता पोशाख आहे: स्पंज, पातळ फायबर आणि पाठीवर एक लांब चेन. माझं नाव दाइगान. पण हे नाव आधी माझ्या थोरल्या भावाचं होतं आणि लोकांच्या लेखी ते अजूनही त्याचंच आहे. मी सिनेमाच्या दुसऱ्या भागातला. 'दुसरा भाग' म्हणताना लोक जे तोंड करतात, ते मी तीस वर्षं बघत आलोय. तुम्हीही केलंत तरी मला वाईट वाटणार नाही. थोडंसं वाटेल.

दादाबद्दल सांगितल्याशिवाय माझी गोष्ट सुरूच होत नाही. त्याचं वजन बासष्ट किलो. जाड फायबर, आत लाकडाच्या पट्ट्या, खांद्यावर खरं लोखंड. तो अंगावर चढवून नागुमोसान नावाचे नट प्लास्टरच्या छोट्या तोक्यो शहरातून चालत, राक्षसाशी झुंजत आणि पडत. मग उठत. उठताना ते आतल्या आत "योक्कोइश्यो" म्हणत. आमच्याकडे चाळिशी उलटलेलं प्रत्येक माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठताना हे म्हणतं, त्यात विशेष काही नाही. आवाज बाहेर येत नसे, पण तो शब्द दादाच्या खांद्यांत आणि गुडघ्यांत स्वच्छ दिसे. सिनेमा लागला आणि पोरांनी तो बरोबर ओळखला. दाइगान उठू लागला की अख्खं थिएटर एका सुरात "योक्कोइश्यो" म्हणायचं. सिनेमा संपल्यावर सहा-सात वर्षांची मुलंही खुर्चीतून तसंच म्हणत उठायची. आया वैतागायच्या. वीतभर पोरं आणि म्हाताऱ्यासारखी कण्हतात, म्हणायच्या.

हे सगळं नागुमोसानच्या गुडघ्यांवर चाललं होतं. आठ वर्षांनी दुसरा भाग ठरला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, "पुन्हा त्या पोशाखात शिरलात तर बाहेर येताना काठी लागेल." नागुमोसान अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी ठरवलं, हा शेवटचा सिनेमा. पण पोरं पुन्हा तशीच उठली पाहिजेत, मग सोडायचं. हे त्यांनी कुवाबारासानना सांगितलं. दादाला या बाईंनीच घडवलं होतं.

कुवाबारासाननी त्यांच्या इच्छेचं ऐकलं, पण मनात बसले ते त्यांचे गुडघे. मला घडवताना त्या प्रत्येक तुकडा काट्यावर ठेवत, नाक मुरडत आणि आणखी तासत. लाकूड गेलं, लोखंड गेलं. माझ्या खांद्यांवरचे बोल्टसुद्धा रंगवलेले बुचाचे आहेत. मी एकोणीस किलोंचा झालो. पहिल्यांदा मला अंगात घातलं तेव्हा नागुमोसान दोन पावलं चालले, थबकले आणि बोन ओदोरी या सणाच्या नाचातल्यासारखे हात हलवत चक्क नाचले. कुवाबारासान तोंडावर हात ठेवून हसत होत्या. माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस तोच.

चित्रण सुरू झालं. झालेलं काम रोज दुपारी अंधाऱ्या खोलीत बसून बघायचं अशी रीत होती. पहिल्याच आठवड्यात ते पडद्यावर दिसलं. मी चालत होतो, पण माझ्या पायाखाली तोक्यो दबत नव्हतं. मी पडलो की उशी पडल्यासारखा पडायचो आणि उठायचो तो झटकन. कॅमेऱ्याची चलाखी होतीच, चाल संथ दिसत होती, पण टेकलेला गुडघा किंचित कापतो ते कॅमेऱ्याला कुठून आणता येणार? नागुमोसाननी मग जड असल्याचं सोंग करून पाहिलं. त्यानं मी फक्त आजारी दिसलो.

दिवे लागले. नागुमोसान गप्प, कुवाबारासान गप्प. दिग्दर्शक मिकुरियासान सगळ्यांत तरुण, त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, "वा, या वेळी वेग चांगला आलाय." सगळे वाकले, दमलात हं, असं एकमेकांना म्हणाले आणि पांगले. पुढचे दोन महिने रोज हेच. समोरच्याला दुखवायचं नाही, म्हणून मी फसत राहिलो.

नवीन वर्षाच्या सुट्टीत सिनेमा लागला. पहिल्या खेळाला मला घालून नागुमोसान पडद्यामागे उभे होते, कारण खेळ संपल्यावर मंचावर जाऊन सगळ्यांना भेटायचं होतं. आतून त्यांनी कान टवकारले होते. सिनेमा संपला. खुर्च्यांचे आवाज आले, संत्र्यांची सालं गोळा केल्याची खसखस आली. तो शब्द आला नाही. मुलं मुकाट उठली.

आम्ही मंचावर गेलो. पहिल्या रांगेतली एक मुलगी बापाचा हात सोडून वर आली आणि तिनं माझं बोट धरून हलवलं. माझा अख्खा हात लगेच हलला.

"बाबा, हा पोकळ आहे," ती म्हणाली. "मोठा आला नाही का?"

"असं बोलू नये," बाप कानकोंडा होऊन म्हणाला. "वाकून नमस्कार कर."

तिनं केला. नागुमोसाननी तिला उलट नमस्कार केला, तो फार खाली वाकून केला.

आत खोलीत आल्यावर कुवाबारासान चेन उघडायला मागे उभ्या राहिल्या. चेन अर्ध्यावरच थांबली.

"पोरीचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं."

"मलाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या मायेनं केलेला. कुठल्या तोंडानं बोलणार? आणि तुम्हाला काय झालं होतं?"

"तुम्ही नाचलात ना त्या दिवशी. माझं तोंडच शिवलं गेलं." त्यांचा हात चेनवरच होता. "शेवटचा सिनेमा होता हो तुमचा. मी घालवला."

"आपण दोघांनी घालवला. त्या मिकुरियाला कशाला वाटा द्यायचा, बिचारा आपल्याला भिऊन होता." नागुमोसाननी पाठ पुढे केली. "आता चेन उघडा. पोकळ असला तरी आत उकडतं."

त्या रडत रडत हसल्या. मी दोघांच्या मध्ये होतो आणि मला इतकं अवघडल्यासारखं पुन्हा कधीच झालं नाही.

सिनेमा महिनाभरही टिकला नाही. मला गोदामाच्या माळ्यावर टाकलं. स्पंज भुरभुरायला लागला, बुचाचे बोल्ट उंदरांनी पळवले. कुवाबारासान गेल्या, ते मला खाली झाडणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. गेल्या वसंतात गोदामाच्या खालच्या दालनात प्रदर्शन लागलं, तिथे दादासाठी काचेची पेटी केली. त्या दिवशी खूप गर्दी होती. मी माळ्यावरून टाळ्या ऐकल्या.

मग जिन्यावर बोलणं ऐकू आलं. देखरेख करणारी मुलगी म्हणत होती, "आजोबा, जिना फार उभा आहे. मी फोटो काढून आणते ना."

"फोटो काय करू? तू कंदील धर."

नागुमोसान वर आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हातात काठी नाही. माझ्यासमोर खोक्यावर बसून त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला, तर तळहाताला पिवळा चुरा लागला. तो त्यांनी झटकला नाही.

"आजोबा, खरं सांगा, तुम्हाला कुठला आवडतो?" मुलीनं विचारलं.

"सिनेमा खालच्याचा. त्यात काय विचारायचं?" ते म्हणाले. "पण जिना मी ह्याच्यामुळे चढलो."

मित्रांनो, फसलेल्या वस्तूंकडेही कधीतरी नीट बघा, त्या कुणासाठी केल्या होत्या ते विचारा. आणि काही चुकतंय असं दिसलं, तर वेळेवर बोला. काचेची पेटी दादालाच असू द्या. माझ्या डोक्यावरच्या छपराच्या पत्र्याला मात्र भोक पडलंय, तेवढं कुणीतरी बुजवा. नागुमोसान पुढच्या वर्षी पुन्हा येतो म्हणालेत.