'नाही' म्हणायला बंदी

कारखाना बंद पडल्यापासून वहिनींच्या शिवणाच्या खोलीत रोज दुपारी नव्या धंद्यांचा नुसता सुकाळ होता. धंदा मात्र एकही सुरू झाला नव्हता.

बैठक तिघांची. कारखान्यातून घरी बसलेले वहिनींचे यजमान, धाकटा दीर आणि यजमानांचा जुना दोस्त, फ्रिज दुरुस्त करणारा मेकॅनिक. बैठक याच खोलीत, कारण चालू पंखा इथेच. कापायच्या टेबलावर तिघांची कोपरं, म्हणून वहिनी कापड जमिनीवर अंथरून कापायच्या. ट्रायलच्या आरशावर आयडियांच्या चिठ्ठ्या इतक्या चिकटल्या होत्या की नवा ड्रेस घालून उभ्या राहिलेल्या बाईला फक्त स्वतःचे गुडघे दिसायचे.

यजमान कुठल्याशा शिबिरातून एक नियम शिकून आले होते. कोणाच्याही आयडियेला 'नाही' म्हणायचं नाही. 'हो, आणि' म्हणून त्यात भर घालायची. मेकॅनिक म्हणाला, जुन्या फ्रिजची कपाटं करू. हो, आणि आतून वहिनी मखमलीचं अस्तर लावतील. दिराने कुत्र्यांच्या कोटांचा धंदा काढला. हो, आणि शिवतील अर्थातच वहिनी. कुठलाही धंदा काढा, फिरून फिरून तो त्यांच्याच मशीनखाली यायचा. नमुने शिवून शिवून बिचारीचा जीव मेटाकुटीला आला होता.

पण बोलणार काय? कारखाना बंद झाल्यावर हाच माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. चिठ्ठ्या लिहायला लागला तेव्हा कुठे धड जेवायला लागला होता.

त्या दुपारी वहिनींचं कापण्यात लक्ष नव्हतं. नाट्यगृहात कपडेपट सांभाळणाऱ्या मास्तरांनी त्यांना नोकरी देऊ केली होती. राजे, भुतं, पोलीस, सगळ्यांचे कपडे. भलंमोठं टेबल, उंच खिडक्या आणि तिथे जायचं म्हणजे रोज या खोलीबाहेर पडायचं. मास्तर आज फोन करणार होते. वहिनींनी हो म्हटलं की उद्यापासून कामावर. घरात अजून कोणाला पत्ता नव्हता.

"वहिनी, आज तुमची आयडिया!" दीर म्हणाला.

वहिनींना वाटलं, देवच पावला. इथे नाही म्हणायला बंदी आहे, मग हीच वेळ.

"मी नाटकवाल्यांकडे कपडे शिवायच्या नोकरीला जाते," त्या म्हणाल्या. "मास्तरांनी विचारलंय. उद्यापासून."

यजमानांचा चेहरा खुलला. "हो!"

वहिनींचा जीव भांड्यात पडला.

"हो, आणि ते काम इथेच आणायचं! रोजची दगदग कशाला?"

"हो, आणि ने-आण माझ्या टेम्पोतून," मेकॅनिक म्हणाला.

"हो, आणि नाटक बंद पडलं की तेच कपडे वाढदिवसांना भाड्याने! दादा, हाच आपला धंदा!"

"अहो, पण मला तिथे..."

"'पण' चालत नाही हं," यजमान लाडाने म्हणाले. तेवढ्यात टेबलावरचा वहिनींचा फोन वाजला. मास्तरांचाच. वहिनी जमिनीवरून उठेपर्यंत त्यांनी तो उचललाही.

"मास्तर, नोकरीचं सोडा! आम्ही तुमचं कंत्राटच घेतो. सगळं घरून."

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "कंत्राट काय करू? प्रयोगात कोणाचं उसवलं तर टाचायला मला माणूस इथे हवं. त्या येणार आहेत की नाही? नाहीतर आत्ताच दुसरीला सांगतो."

वहिनींनी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. "थांबा हं मास्तर," म्हणाल्या आणि फोन छातीशी धरून यजमानांकडे वळल्या. "मला तिथे जायचंय. इथे नाही, तिथे."

यजमान रागावले असते तर बरं झालं असतं. तडातडा भांडता आलं असतं, भांडण जिंकता आलं असतं. पण त्यांनी हातातलं पेन हळूच खाली ठेवलं. "मग इथे आम्ही काय करायचं गं?" त्यांनी विचारलं. खरोखरच माहीत नसल्यासारखं विचारलं.

"हो, आणि..." मेकॅनिक सवयीने म्हणाला. पुढचं शोधत त्याने आरशावरच्या चिठ्ठ्यांवर नजर फिरवली.

पलीकडून मास्तर हॅलो, हॅलो करत होते. वहिनींनी फोन कानाला लावला. "दुसरीला सांगा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

यजमान भिंतीकडे बघायला लागले होते.

"लिहा ना," त्या म्हणाल्या. "नाटकाचे कपडे. एक मास्तर नाही म्हणाले म्हणून काय झालं? मी नमुना शिवते."

यजमानांनी झटकन पेन उचललं. "राजाचा अंगरखा घे आधी! उठून दिसेल."

वहिनी खाली बसल्या, अर्धवट कापलेलं कापड त्यांनी पुढे ओढलं. रडू अगदी डोळ्यांपर्यंत आलं होतं. पण कापड रेशमी, त्यातून गिऱ्हाइकाचं. त्यावर पाण्याचा डाग पडून चालला नसता.