पंख्याकडून पाहिलेली मोटर

देवळाली प्रवरात बिभीषणचं मोटरी रिवाइंड करायचं दुकान. तिथं दोन वास कायमचे. एक वार्निशचा, दुसरा त्याचा जोडीदार अंगद मळायचा त्या तंबाखूचा. अंगदनं दुकानाची पायरी सोडून चार वर्षं झाली, पण बिभीषणला विचाराल तर तो वास अजून येतो.

त्या दोघांनी मिळून ड्रोनचं डोकं बनवलं होतं. काडेपेटीएवढी सर्किटची पाटी. ड्रोन कलला की सरळ करायचा, कुठली मोटर किती पळवायची ते ठरवायचं. जग त्याला फ्लाइट कंट्रोलर म्हणतं, हे दोघं म्हणायचे 'म्होरक्या'. पहिल्या पाट्या ॲसिडात धुतल्या त्या बिभीषणच्या बायकोच्या, सत्यशीलाच्या परातीत. परातीला भोकं पडली. पाहुणा आला की सत्यशीला आधी ती परात दाखवते, मग पाणी देते.

म्होरक्या उडायला लागला तेव्हा अंगद म्हणाला, "ह्याला कुलूप लावून ठिवू." बिभीषणनं मात्र त्याला न विचारताच दोघांची नावं घालून सगळा नकाशा, प्रोग्रामसकट, इंटरनेटवर मोकळा सोडला. ज्याला पाहिजे त्यानं बनवावा, चुकलं तर सांगावं. अंगदनं हातातली सोल्डर गन टेबलावर ठेवली न् नगरला एमआयडीसीत नोकरीला निघून गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

आता म्होरक्याची नवी आवृत्ती तयार होती. बिभीषणला काही ती अंगदशिवाय जगात सोडवेना.

"जावा की नगरला. तासाभराचा तर रस्ता," सत्यशीला म्हणाली.

"गेलो तर दार लावून घेईल. त्यालाच आनला पायजे."

"कसं आननार? ड्रोननं उचलून?"

बिभीषण मिशीत हसला. तो असा हसला की आता काहीतरी खोडी निघणार, हे सत्यशीलाला ठाऊक.

त्याला पहिलं उड्डाण आठवलं होतं. ड्रोनच्या चार मोटरी, दोन अशा फिरायच्या, दोन तशा. बिभीषणचा जन्म विहिरीवरच्या मोटरी भरण्यात गेलेला. मोटर कुठं फिरते ते तो मागून, पंख्याच्या बाजूनं बघणार. तशाच खुणा त्यानं केल्या. ड्रोन गावातल्या आबासाहेबाच्या मोकळ्या रानातून उठला, भोवऱ्यासारखा गरागरा फिरला न् शेजारच्या उभ्या उसात घुसला.

"मोटर कुठनं बघितली रं?" अंगद ओरडला.

"पंख्याकडनं. कुठनं बघत्यात?"

"आरं मुडद्या, ही काय पाण्याची मोटर हाय व्हय? वरनं बघायची!"

ड्रोन उसात टीं टीं करत होता. दोघं अर्ध्या बाह्यांवरच आत शिरले. पाचटानं हात सोलून निघाले. शेवटी सरीतच बसून दोघं पोट धरधरून हसले.

तर बिभीषणनं नव्या नकाशात तीच चूक पुन्हा घातली. तपासायच्या कच्च्या प्रतीत फक्त, कुणाचा ड्रोन पडू नये म्हणून. आणि दिली इंटरनेटवर टाकून.

दुपारी ब्राझीलच्या एका पोराचा अगदी नम्र निरोप आला, की मोटरींची दिशा उलटी वाटते.

"ह्यो कुठनं मधी कडमडला!" बिभीषण करवादला. संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी फिरकलं नाही. मग त्याचं हसूही मावळलं. रात्री नीट जेवला नाही.

सकाळी दुकानापुढं मोटरसायकल थांबली.

"बिभ्या! आजून पंख्याकडनंच बघतो व्हय रं?"

बिभीषणनं मान वर केली नाही. "कोन पायजे पाव्हनं?"

"पाव्हना तुझा बा! नाव हाय माझं त्याच्यावर. सारं जग हसंल!"

"मंजी बघत व्हतास तर."

अंगद पायरी चढून आत आला. मग खुर्ची ओढून बसला. "रोज बघतो," म्हणाला.

सत्यशीलानं चहा आणला, मुद्दाम त्याच परातीतून. सांडलेला चहा भोकांतून अंगदच्या मांडीवर ठिबकला.

"वहिनी, ही टाकली न्हाई आजून?"

"तुमी दोगं हाय तवर कशी टाकू?"

अंगदनं कीबोर्ड पुढं ओढला. बिभीषणनं त्याचा हात धरला.

"थांब. दुरुस्त करायच्या आदी एकदा असंच उडवू."

"येडा झाला का? उसात जाईल."

"जाऊ दे की."

अंगद लगेच उठला. तेव्हा कुठं बिभीषणचं लक्ष गेलं. एप्रिलच्या त्या रणरणत्या उन्हात गडी पूर्ण बाह्यांचा जाड सदरा घालून आला होता, मनगटापर्यंत बटणं लावून.

म्हणजे आज उसात शिरायचंय, हे नगरहून निघतानाच बेट्यानं ओळखलं होतं.